एकच तारा देला

"एकच तारा देला मी त्याले. एकच! अन् तो बी नाइलाजानं, शून्य द्याची सोयच नाई त्याच्यात."

असं म्हणत काकूंनी तुरीच्या शेंगांचं टोपलं तारेच्या कुंपणाशी आणून ठेवलं आणि पाटावर बैठक मारली. पलीकडून वैनींनी आपलं सूप जवळ ओढलं. पौष महिना, ओल्या तुरीचा हंगाम. सोल्याची भाजी करायची तर शेंगा सोलाव्या लागतात, आणि हात गुंतलेले असताना तोंड बंद ठेवणं आमच्या अमडापुरात अजून कुणाला जमलेलं नाही. माझं घर या दोन्ही अंगणांच्या मागं, भिंत सामाईक. कानावर हात ठेवले तरी सगळं ऐकू येतं. मी ठेवतही नाही.

"कोनाले देला तारा?" वैनींनी विचारलं.

"त्या टॅक्सीवाल्याले. पुन्याच्या. इमानातून उतरल्यावर जो भेटला तो."

काकू लेकीच्या बाळंतपणाला बंगलोरला गेल्या होत्या, हे गल्लीला ठाऊक होतं. परतीचं तिकीट जावयानं विमानाचं काढलं. बंगलोर ते पुणे विमान, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं चिखली, आणि सकाळी चिखलीहून एस.टी.नं घर. ट्रॅव्हल्समध्ये वाघोलीला बसायचं ठरलं होतं. नगर रोडनं आपल्याकडं निघणाऱ्या गाड्यांना वाघोली वाटेवरच आहे, आणि लोहगावचा विमानतळही तिथून फार लांब नाही. काका सोबत नव्हते. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, असं ते सांगतात. विमानात बसायचं नव्हतं, असं काकू सांगतात.

"इमानाचं काई भेव नाई वाटलं व. मंधात जरासं हाललं, मी बल्लाळदेवीचं नाव घेतलं, झालं. खरी परीक्षा खाली उतरल्यावर."

"काहून? सामान नाई भेटलं का?"

"सामान भेटलं. जावायानं मोबाइलात ॲप टाकून देलं होतं. तीनदा शिकवलं. मामी, इथं जायाची जागा लिहा, इथं दाबा, गाडीचा नंबर पाहा, चार आकडे येतीन ते गाडीजवळ गेल्यावरच सांगा, आधी फोनवर नाई. मले सगळं पाठ. बाहेर आली तं चार-पाच जन अंगावरच आले, टॅक्सी मावशी, टॅक्सी, कुठं जायचं. मी कोनाकडं पाह्यलंच नाई. पोरीनं सांगतलं होतं, जो आपल्याकडं धावत येते त्याच्या गाडीत बसू नको."

"हे बरोबर सांगतलं."

"मंग वाघोली लिवलं. त्यानं दोनशे दहा रुपये दाखवले. म्हन्लं ठीक हाये. दाबलं. तं ते म्हन्ते, एरोमॉलले या! आता गाडी मी बोलावली, अन् येयाचं बी मीच?"

पुण्याच्या विमानतळाची ही तऱ्हाच आहे. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा, नागरी विमानांच्या वाट्याला जागा बेताची. २०२२ साली टर्मिनलजवळ अनेक मजल्यांचं पार्किंग उभं राहिलं, त्याचं नाव एरोमॉल. तेव्हापासून ॲपवर बोलावलेल्या गाड्या प्रवासी तिथून घेतात. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. ते मोठं आहे, नीटनेटकं आहे, पण पिशव्या घेऊन एरोमॉलपर्यंत जाणं काही सुटलं नाही. मुंबईतही टर्मिनल दोनला ॲपची गाडी दाराशी लागत नाही, पार्किंगचा मजला गाठावा लागतो. दाराशी उभं राहण्याचा मान सोडायला आलेल्या गाड्यांचा, न्यायला आलेल्यांचा नाही.

"तिथं बॅटरीच्या बग्ग्या असतात ना," वैनी म्हणाल्या. "म्हातारे-कोतारे बसतात त्याच्यात."

"तुले कसं माहीत?"

"पेपरात वाचलं असन कुठीतरी."

वैनींच्या घरी पेपर येत नाही. मी मनात नोंद केली. काकूंनी मात्र गोष्टीच्या ओघात ते सोडून दिलं.

"म्हातारी म्हन्ते का मले? मी चालतच गेली. पोचली तं पहिल्याचा फोन. मॅडम, ड्रॉप कुठं? म्हन्लं वाघोली. कॅश का ऑनलाइन? म्हन्लं रोख. येतो म्हनला. मंग मी नकाशात पाहून रायली, त्याची गाडी जागची हालतच नाई. पंधरा मिनिटं. फोन केला तं म्हन्ते, मॅडम तुमी कॅन्सल करून टाका ना. मी काहून करू? तुले येयाचं नाई तं तू कर!"

"मंग?"

"मंग कोन केलं काई समजलं नाई, ते आपोआपच रद्द झालं अन् दुसरा लागला. हा आला. पांढरी गाडी. नंबर जुळला, चार आकडे सांगतले, पिशव्या त्यानंच उचलून ठेवल्या. मले वाटलं, बरा दिसते पोरगा. गाडी पार्किंगच्या बाहेर निघाली न निघाली तं म्हन्ते, मॅडम, मीटरनं तीनशे होतीन. ॲपचं भाडं आमाले परवडत नाई."

वैनींचे हात थांबले. शेंगेतून निघालेला दाणा सुपात पडायचा तो जमिनीवर पडला.

"मी म्हन्लं, बापा, दोनशे दहाचं बोलनं झालं होतं. तो म्हन्ते, ते ॲपचं बोलनं होतं, माहं नाई. मोबाइलात काई हिशेब दाखवला मले. चष्मा पिशवीत. बाहेर अंधार. ट्रॅव्हल्सची येळ झालेली. काय करता? तीनशे देले, अन् वाघोलीत उतरल्याबरोबर देला एक तारा."

ओट्यावर काका पेपर वाचत होते. काका एस.टी.त वाहक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भाड्याचा विषय निघाला की अजून खांद्यावरची कातडी बॅग चाचपतात. "म्हनून म्हनतो, एस.टी.नं फिरा. मार्च २०२३ पासून तुमा बायाइले अर्धं तिकीट. पाऊस पडो का रात होवो, तिकीट तेच."

"तुमची एस.टी. बंगलोरहून आनते का?"

काकांनी पान उलटलं. एस.टी.च्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत पान उलटण्याची सवय करावी लागते.

"वाघोलीचं भाडं," वैनी हळूच म्हणाल्या, "म्हनजे बिनकामाचं भाडं, काकू."

"म्हनजे?"

"म्हनजे असं की, विमानतळावर गाडी घेऊन गेलं की लगेच भाडं लागत नाई. नंबर लागते. जो पैले आला त्याले पैले. मोबाइलातच रांग असते, दिसत नाई पन असते. दोन-दोन घंटे बसा लागते त्या पट्ट्यात. तिथून बाहेर निघालं का नंबर गेला. लघवीले जायाची बी चोरी. एवढं बसून आस काय असते, तं हिंजवडीचं लागो, निगडीचं लागो, पंचवीस-तीस किलोमीटरचं. अन् लागते काय? वाघोली. नाईतं खराडी. नाईतं ते इमाननगर, पायी गेलं तरी पोचन. तेवढ्याशासाठी नंबर गेला, पुन्हा यायचं अन् पुन्हा शेवटून बसायचं."

"एवढं सगळं पेपरात येते?"

वैनी गप्प.

"काय व? तुमचा पोरगा तं कंपनीत हाये ना, चाकनले?"

आता इथं गल्लीला माहीत असलेली आणि गल्लीत कुणीच मोठ्यानं न बोललेली गोष्ट सांगायला हवी. वैनींचा मुलगा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, दुसऱ्यांदा मिळालं नाही. मग त्यानं हप्त्यानं गाडी घेतली आणि ॲपला लावली. घरच्यांनी गल्लीत सांगणं टाळलं, कारण मुलगी पाहणं सुरू होतं. "पुन्याले कंपनीत हाये" म्हटलं की पाहुणे चहाला थांबतात. "गाडी चालवते" म्हटलं की पाहुणे विचारतात, शेती किती? मुलगा महिन्याला कंपनीपेक्षा चार पैसे जास्त कमावत असला तरी कंपनी ही कंपनी. मला हे दिवाळीतच कळलं होतं, भिंतीमुळे.

"कंपनी सुटली त्याची," वैनी म्हणाल्या. "गाडीच चालवते तो. ॲपचीच. त्याच विमानतळावर."

काकूंची शेंग सोलायची राहिली. मग त्यांनी जे विचारलं ते अगदी काकूंसारखं होतं.

"आमाले नाई सांगतलं!"

"कोनालेच नाई सांगतलं, काकू. देऊळगावच्या पाहुन्याइचं चालू हाये ना."

"मी कोनाले सांगत होती? बंगलोरले होती मी!"

हा मुद्दा बराच वेळ चालला. त्यातला कोण कुणाला काय सांगत नाही हा भाग मी गाळतो, कारण त्यात माझंही नाव आलं. एवढं मात्र झालं की वैनींचा आवाज मोकळा झाला. लपवायचं काही उरलं नाही की माणूस भांडायला मोकळा होतो.

"तुमीच सांगा काकू, नोव्हेंबरात काकांनी सोयाबीन नेलं होतं ना खरेदी केंद्रावर? टॅक्टर रांगेत कितीक उभा राह्यला. अन् नंबर आला तं काय म्हने? ओल जास्त. बारा टक्क्याच्या वर. मंग त्याच टॅक्टरमंधी माल घेऊन अडत्याकडं गेले. सरकारचा भाव तवा ५,३२८, अन् अडत्यानं काय भाव देला?"

"त्याचं नाव नको घेऊ. मेल्यानं…"

"तुमी तवा त्याले काय काय म्हन्ल्या, ते मी इथं उभी राहून ऐकलं. आमच्या पोराचं तेच होऊन रायलं. त्याच्या भाड्याले बी सरकारनं भाव बांधून देला हाये. एसी गाडीले पैल्या दीड किलोमीटरचे ३७ अन् मंग किलोमीटरले २५. पुन्याच्या आर.टी.ओ.चा भाव हाये, २०२४ पासूनचा. ॲपवाले देतात का तो? नाई देत. ते तुमाले सस्त्यात दाखवतात अन् पोराले त्याच्यातूनही आपलं कापून देतात. गाडीचा हप्ता, गॅस, टायर, विमा, सगळं पोराचं. मंग पोरं म्हनतात, आमी मीटरनं घेतो. तिथं ओन्लीमीटर म्हनून काढलं हाये त्याइनं, मोबाइलात किलोमीटर टाकले का भाव सांगते. तेच दाखवलं असन तुमाले."

काकांनी पेपर खाली ठेवला. भाड्याचा तक्ता ऐकून वाहक गप्प बसणं शक्य नव्हतं. "वाघोली किती पडते तिथून?"

"बारा किलोमीटर धरा."

"दीडाचे सदतीस. राह्यले साडेदहा. साडेदहा पंचवीसे…" काकांनी डोळे मिटले. "दोनशे बासष्ट अन् पन्नास पैसे. एकून दोनशे नव्यान्नव रुपये पन्नास पैसे." त्यांनी डोळे उघडले. "बरोबर घेतले व त्यानं तीनशे. पन्नास पैसे तेवढे जास्ती."

"तुमी कोनाच्या बाजूनं हाये?"

"मी हिशेबाच्या बाजूनं."

मला वाटलं, काकू आता नरमतील. हमीभावाचा दाखला बसला होता, हिशेबही जुळला होता, आणि अडत्याचं नाव निघाल्यावर काकूंचा राग नेहमी त्याच दिशेला वळतो. पण काकूंनी शेंगेची टोकं मोडली आणि म्हणाल्या, "हे सगळं खरं. पोराले परवडत नाई, हे बी खरं. पन मले एक सांग. मी अडत्याकडं माल नेला, त्यानं भाव आधी सांगतला. कमी सांगतला, मी शिव्या देल्या, पन आधी सांगतला. माल उतरवून घेतल्यावर भाव पाडला असता तं मी तिथंच बसली असती पायरीवर. या पोरानं पिशव्या ठेवल्या, मले बसवलं, काच वर केली, अन् मंग सांगतलं. आधी काहून नाई?"

वैनी काही बोलल्या नाहीत.

"एरोमॉलमंधीच सांगतलं असतं, मावशी तीनशे होतीन, पटत असन तं बसा. मी बसली असती, नाईतं नसती बसली. कंपनीसंगं भांडन त्याचं, अन् गाडीत अडकून बसली कोन? मी."

इथं मी भिंतीच्या या बाजूला मान डोलावली. ॲप आणि गाडीवाला यांच्यातला हा झगडा पुण्यात गेलं वर्षभर पेटलेला आहे, आंदोलनं झाली, बैठका झाल्या, पण तो झगडा प्रत्यक्षात लढला जातो तो मागच्या सीटवर, पिशव्या मांडीवर घेतलेल्या माणसाशी. मीटरचा दर सरकारमान्य आहे, आणि ॲपनं दाखवलेला आकडा पाहूनच प्रवाशानं बटण दाबलेलं आहे. दोघांच्या हातात दोन खऱ्या पावत्या. अशा भांडणात जो घाईत असतो तो हरतो, आणि विमानतळावर उतरून रात्रीची ट्रॅव्हल्स गाठणारा माणूस नेहमीच घाईत असतो.

"अन् तो पैला, त्यानं मलेच कॅन्सल कर म्हनलं ते कायले?" काकूंना आता जुनं आठवलं.

याचं उत्तर काकांकडं निघालं. पेपरातलं त्यांना सगळं आठवतं, घरातलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात राज्य सरकारनं ॲपच्या गाड्यांचं धोरण काढलं. त्यात लिहिलंय की गाडीवाल्यानं कारण नसताना भाडं रद्द केलं तर भाड्याच्या दहा टक्के किंवा शंभर रुपये, यातलं जे कमी असेल ते प्रवाशाच्या खात्यात जमा व्हावं. प्रवाशानं रद्द केलं तर पाच टक्के किंवा पन्नास रुपये, जे कमी ते, गाडीवाल्याला.

"म्हनजे दोनशे दहाचे दहा टक्के, एकवीस रुपये तुले भेटले असते," काका म्हणाले. "अन् तू रद्द केलं असतं तं साडेदहा त्याले."

"एकवीस रुपयांसाठी त्यानं मले पंधरा मिनिटं उभं ठेवलं?"

"एकवीस रुपये नाई काकू," वैनी म्हणाल्या. "नोंद होते. आज एक, उद्या एक, मंग आयडी बंद. आयडी बंद झाली का गाडी दारात उभी अन् हप्ता चालू. आमच्या पोराची झाली होती एकदा. तीन दिवस. कोनाले विचारावं तेच समजेना. हापिस नाई, सायेब नाई. मोबाइलातच लिवायचं अन् मोबाइलातच वाट पाहायची. शेवटी कशी चालू झाली, हे बी समजलं नाई."

त्याच धोरणात आणखी एक कलम आहे, ते काकांनी मुद्दाम शेवटी काढलं. गर्दीच्या वेळी ॲपवाल्यांना मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच जाता येतं, आणि मागणी नसताना सूट द्यायची ती पंचवीस टक्क्यांपर्यंतच. "अन् हाच दीडपटीचा नेम २०१८ पासून आपल्या ट्रॅव्हल्सवाल्याइले बी हाये. एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीच्या वर घेता येत नाई."

दोन्ही बायका एकदम हसल्या. दिवाळीनंतर पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलेलं माणूस आमच्या भागात घरटी एक आहे, त्यामुळे त्या का हसल्या हे सांगायची गरज नाही.

"नेम लय आहेत," काकू म्हणाल्या. "आपल्या स्टँडवरच्या काळी-पिवळीले कोनता नेम हाये? तरी चिखलीचं भाडं सगळ्याइले तोंडपाठ. नवीन मानसाले बी तेच, जुन्याले बी तेच."

काळी-पिवळी म्हणजे इथं वडाप जीप. तिचं एक कलम मात्र काकू विसरल्या. ती भरल्याशिवाय हलत नाही. अकरावा माणूस येईपर्यंत पहिल्या दहांनी बसून राहायचं, आणि तो आला की बारावा दिसतो. मुंबईत फोनवर बोलवायच्या मेरूच्या गाड्या २००७ साली आल्या, पवईच्या आय.आय.टी.तून शिकलेल्या दोघांनी ओला २०१० मध्ये काढली, उबर २०१३ साली बंगलोरातून शिरली. या एवढ्या काळात आमच्या स्टँडवर बदल झाला तो एवढाच की काळी-पिवळीवाला आता भाडं क्यूआर कोडनं घेतो. काकूंनी बंगलोरहून आल्यावर घरी बसून ॲप उघडून पाहिलं होतं, मी ऐकलं. गोल गोल फिरलं आणि जवळपास गाडी नाही असं म्हणालं. आमच्या घाटावर ॲप अजून पोचायचं आहे.

एवढ्यात वैनींनी बराच वेळ मनात धरलेला प्रश्न विचारला.

"काकू, गाडीचा नंबर काय होता?"

काकू थबकल्या. "काहून?"

"असंच."

"मले काय ध्यानात राहते? एम.एच. बारा होतं पुढं. पुन्यातल्या सगळ्याच गाड्या एम.एच. बारा नाईतं चौदा. आपल्या बुलडान्याचा अठ्ठावीस असता तं ध्यानात राह्यला असता."

"आमच्याची बी बाराचीच हाये. पांढरीच."

आता दोन्ही अंगणांत शांतता. काकांनीसुद्धा पान उलटलं नाही. पिशव्या उचलून ठेवणारा, बरा दिसणारा पोरगा. विमानतळावरचा. तीनशे घेणारा. मी भिंतीला कान लावला, हे लपवण्यात अर्थ नाही.

"तू त्याले वळखलं नसतं का?" काका म्हणाले.

"अंधार होता. चष्मा पिशवीत होता. अन् त्यानं तोंडाले रुमाल बांधला होता, पुन्यातली धूळ. पन त्यानं मले तं वळखलं असतं ना?"

"तो सोळा वर्षाचा होता तवा आय.टी.आय.ले गेला इथून," वैनी म्हणाल्या. "अन् तुमी त्या नव्या कॉटन साडीत, पर्स लटकवून. मी बी वळखलं नसतं."

"मोबाइलात फोटो राहते त्याचा," काका म्हणाले. ॲप कधी हातात धरलं नसलं तरी काकांना हे माहीत होतं. "जुन्या फेऱ्या म्हनून असन कुठी."

काकू घरात गेल्या, मोबाइल आणि चष्मा घेऊन आल्या. कुंपणाच्या तारेवर दोन डोकी वाकली. बोटं चुकीच्या ठिकाणी लागली, एकदा तर अमडापूरहून वाघोलीचं भाडं विचारायची पाळी आली, आणि मग ती फेरी सापडली. तारीख, वेळ, नकाशावरची निळी रेघ, दोनशे दहा रुपये. तीनशेची नोंद कुठंच नव्हती. ॲपच्या लेखी ते नव्वद रुपये झालेच नाहीत.

वैनींनी फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"नाई," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "आमचा नाई. हा मिशीवाला हाये."

"पाहा! मी म्हन्लं नाई?" काकू असं काही म्हणाल्या नव्हत्या, पण ते असो.

"पन काकू," वैनी थोड्या वेळानं म्हणाल्या, "हा बी कोनाचा तरी असन. तो तारा बदलता येते का पाहा ना."

"येते का, काय माहीत. आला तरी पाच नाई देनार. तीन देईन. आधी सांगतलं असतं तं पाच देले असते."

तीनवर दोघींचं जुळलं. तारा बदलायचं बटण मात्र त्या दिवशी सापडलं नाही. रात्री जावयाला विचारायचं ठरलं. शेंगा संपत आल्या होत्या. वैनींनी सुपातले सोले काकूंच्या टोपल्यात थोडे ओतले, काकूंनी कोथिंबिरीची जुडी तारेवरून पलीकडं दिली, आणि बोलणं जिथं जायला हवं होतं तिथं आलं.

"आता फेब्रुवारीत पुन्हा जायाचं हाये मले. जावळं हाये नातवाचं. येताना पुन्हा पुन्यावरूनच."

"मंग आमच्या पोरालेच सांगतो ना मी! कायले ॲप अन् कायले काय. तो येईन घ्याले, ट्रॅव्हल्समंधी बसवून देईन. त्याचा नंबर लिहून घ्या."

काकूंनी नंबर लिहून घेतला. मग विचारलं, "अन् पैशाचं काय?"

"पैशाचं? काकू! घरच्याइकून कोनी पैसे घेते का?"

ओट्यावरून काकांचा खोकला ऐकू आला. हे भाडं काय पडतं हे काकांना बरोबर माहीत होतं आणि काकूंनाही. पैसे द्यायचे नाहीत म्हणजे बंगलोरहून त्या मुलासाठी काहीतरी आणणं आलं. त्याला वाघोलीत जेवायला बसवणं आलं. देऊळगावची सोयरीक जुळली की आहेर दुप्पट आला. आणि समजा कधी त्यानं उशीर केला, तर एक ताराही देता यायचा नाही, तारेच्या पलीकडं त्याची आई. बरं, जबरदस्तीनं पैसे पुढं केले तर किती करायचे? दोनशे दहा दिले तर ॲपचा भाव देऊन पोराची बोळवण केली असं होईल. तीनशे दिले तर मीटर लावला म्हणून वैनींना वाईट वाटेल. या भाड्याचा भाव ना आर.टी.ओ.नं बांधलाय, ना सरकारच्या धोरणात त्याचं कलम आहे.

"नाई व माय," काकू शेवटी म्हणाल्या. "पोरगा दोन घंटे रांगेत बसलेला असन. त्याचा नंबर मोडून माह्यासाठी कायले येयाचं? मी आपली ॲपवरच बोलावतो."

"अन् ॲपवर आमच्याचीच गाडी लागली तं?"

"लागली तं लागली. चार आकडे सांगीन अन् पाच तारे देईन."

"अन् त्यानं मीटरनं मांगले तं?"

"गाडीत बसायच्या आधी मांगले तं देईन."

"अन् त्यानं तुमाले पाहून कॅन्सलच केलं तं?"

काकूंनी टोपलं कमरेला लावलं. "मंग देऊळगावच्या पाहुन्याइले मी सोताच फोन करतो."

वैनी हसल्या, पण फार नाही. मग त्यांनी मागच्या भिंतीकडं पाहून आवाज दिला, "भाऊ, तुमी बी काई ऐकलं नाई हां!"

मी खोकलो.